चक्रीवादळातील नुकसान आणि विम्याचे दावे : मालवण किनाऱ्याचा धडा

मे महिन्याचा मध्य हा मालवण किनाऱ्यावर दुहेरी लगबगीचा काळ असतो. घराघरांतून पावसाळ्यापूर्वीची शाकारणी चाललेली असते. नळे उतरवून, फुटके बदलून छप्पर पुन्हा नीट बसविले जात असते. किनाऱ्यावर मासेमारीचा हंगाम संपत आलेला असतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी असल्यामुळे, त्यापूर्वी शेवटच्या काही खेपा करून होड्या ओढून घेण्याची घाई असते. नेमक्या अशा वेळी, १६ मे २०२१ रोजी, 'तौक्ते' चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले. शाकारणीसाठी उघडी केलेली छपरे उडाली, घरांवर माड आणि आंब्याची झाडे कोसळली, वीज आणि दूरध्वनी बंद पडले. देवगडच्या आनंदवाडी बंदरात आश्रयासाठी नांगरलेल्या नौकाही या आघातातून सुटल्या नाहीत. तेथे खलाशांचे प्राण गेले. करोनाच्या साथीमुळे प्रवासावर निर्बंध होते, ते वेगळेच.

अरबी समुद्रातील वादळे ओमानकडे किंवा गुजरातकडे वळतात, कोकणाला त्यांचा त्रास फारसा होत नाही, अशी समजूत एके काळी होती. ती आता धरून चालणार नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' वादळाने रत्नागिरी व सिंधुदुर्गातील मच्छीमारांना समुद्रातच गाठले. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'क्यार' वादळ किनाऱ्यापासून दूर राहिले, तरी त्याच्या उधाणाने मालवण तालुक्यातील सखल वस्त्यांत पाणी शिरले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्यानंतर वर्षाच्या आत 'तौक्ते' आले. वादळ हा किनाऱ्याच्या जीवनातील एक नेहमीचा धोका आहे, असे समजूनच यापुढे तयारी ठेवावी लागेल.

या तयारीची एक बाजू सर्वांच्या परिचयाची आहे. हवामानाचा इशारा, बंदरावरचा बावटा, निवाऱ्याची जागा, स्थलांतर यांविषयी पुष्कळ बोलले गेले आहे आणि त्याचा उपयोगही झाला आहे. दुसऱ्या बाजूकडे मात्र तितके लक्ष गेलेले नाही. वादळ ओसरल्यावर मोडलेले घर आणि फुटलेली होडी पुन्हा उभी करण्यासाठी पैसा कोठून येतो, आणि तो का येत नाही, हा तो विषय होय. सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय सेवक यांच्यापुढे तो मांडण्याचे कारण असे, की विम्याच्या दाव्याचे भवितव्य पुष्कळदा विमा कंपनीच्या कचेरीत कागद पोहोचण्यापूर्वी, गावातच ठरून गेलेले असते. ते ठरते नोंदींवर, आणि या नोंदी करणारे हात बहुधा याच मंडळींचे असतात.

मदत आणि भरपाई

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. शासन देते ती मदत असते. नुकसानीची भरपाई हा तिचा हेतू नसतो आणि तेवढी तिची मर्यादाही नसते. आपद्ग्रस्त कुटुंबाला पहिला आधार मिळावा, एवढाच तिचा उद्देश आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीसाठी केंद्र शासनाने २०२२ ते २०२६ या कालावधीकरिता ठरविलेले निकष पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. पूर्ण नष्ट झालेल्या होडीसाठी १५,००० रुपये, अंशतः मोडलेल्या होडीच्या दुरुस्तीसाठी ६,००० रुपये, पूर्ण नष्ट झालेल्या जाळ्यांसाठी ४,००० रुपये आणि दुरुस्तीयोग्य जाळ्यांसाठी ३,००० रुपये, असे हे दर आहेत. सपाट प्रदेशातील पूर्ण पडलेल्या घरासाठी १,२०,००० रुपये, तर अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घरासाठी ६,५०० रुपये असून, त्यासाठी पडझड किमान १५ टक्के असावी लागते.

महाराष्ट्र शासनाने 'निसर्ग' आणि 'तौक्ते' या दोन्ही वेळी केंद्राच्या तत्कालीन दरांपेक्षा अधिक मदत दिली. 'तौक्ते'नंतर पूर्ण नष्ट झालेल्या घरासाठी दीड लाख रुपये, पूर्ण नष्ट झालेल्या होडीसाठी २५,००० रुपये, अंशतः मोडलेल्या होडीसाठी १०,००० रुपये, जाळ्यांसाठी ५,००० रुपये, तर पडलेल्या माडासाठी झाडामागे २५० रुपये असे दर ठरविण्यात आले. अडचणीच्या काळात या रकमांचे मोल होतेच. परंतु यंत्र बसविलेली नौका उभी करण्यास काही लाख रुपये लागतात. तेव्हा २५,००० रुपयांत नवी नौका पाण्यात उतरत नाही, हे दांडीच्या किंवा सर्जेकोटच्या कोणत्याही तांडेलास ठाऊक आहे. मदत आणि प्रत्यक्ष नुकसान यांत जे अंतर उरते, ते एक तर कर्जाने भरून निघते किंवा विम्याने. विमा नसेल, किंवा असूनही दावा फेटाळला गेला, तर कर्जावाचून दुसरा मार्ग राहत नाही आणि एका वादळाचे हप्ते कुटुंबाला अनेक हंगाम फेडावे लागतात.

मदत आणि विमा या दोन्हींची वाट वेगळी आहे. मदतीचा पंचनामा महसूल यंत्रणा करते. नौका असेल तर मत्स्यव्यवसाय खात्याचे अधिकारी करतात. विम्याची पाहणी कंपनीने नेमलेला परवानाधारक सर्वेक्षक करतो. तलाठ्याने पंचनामा केला म्हणजे विमा कंपनीला आपोआप कळले, असे होत नाही. दोन्ही ठिकाणी वेगवेगळे कळवावे लागते. आंबा आणि काजूसाठी असलेली हवामानावर आधारित फळपीक विमा योजना ही तर तिसरीच गोष्ट आहे. तिचा घराच्या किंवा होडीच्या विम्याशी काहीही संबंध नाही. 'विम्याचा फॉर्म भरला आहे' असे कोणी सांगितले, तर तो फॉर्म यांपैकी कशाचा, हे आधी विचारून घेतले पाहिजे.

घराचा विमा

१ एप्रिल २०२१ पासून देशातील सर्व सामान्य विमा कंपन्यांनी 'भारत गृह रक्षा' या नावाची, एकसारख्या अटींची पॉलिसी राहत्या घरांसाठी देण्यास सुरुवात केली. आगीबरोबरच वादळ, चक्रीवादळ, पूर आणि पाणी शिरणे यांमुळे होणारे नुकसान तीत येते. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, परंतु कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरातील सामानालाही संरक्षण मिळते. पडझडीचा ढिगारा हलविण्याचा खर्च दाव्याच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत मिळू शकतो.

या पॉलिसीतील एक सुधारणा विशेष महत्त्वाची आहे. पूर्वी घर दहा लाखांचे आणि विमा सहा लाखांचा असेल, तर एक लाखाचे नुकसान होऊनही साठ हजारच हाती येत, कारण विमा जितक्या प्रमाणात कमी तितक्याच प्रमाणात भरपाईही कमी होई. राहत्या घरांच्या बाबतीत ही कपात आता होत नाही. दुकाने आणि छोट्या व्यवसायांसाठी असलेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत मात्र विमा रक्कम १५ टक्क्यांपर्यंतच कमी असेल तर तिकडे दुर्लक्ष होते. त्याहून अधिक कमी असल्यास कपात होते.

मालवण, तारकर्ली, देवबाग येथील कुटुंबांनी येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. घराच्या दोन खोल्या पर्यटकांना दिल्या जात असतील, तर प्रस्ताव अर्जातच तसे लिहावे. घर केवळ राहते म्हणून दाखवायचे आणि नुकसान मात्र पाहुण्यांच्या खोल्यांचे सांगायचे, यातून वाद उद्भवतो. त्याचप्रमाणे झावळ्यांचे झाप, बांबूच्या किंवा ताडपत्रीच्या शेड ही कच्ची बांधकामे विम्याच्या परिभाषेत निराळी धरली जातात. ती आपल्या पॉलिसीत येतात किंवा नाही, हे कंपनीकडून आधीच लेखी विचारून घ्यावे.

कोकणातील घरांच्या बाबतीत आणखी एक अडचण नेहमी आढळते. घर आजोबांच्या नावावर असते. आजोबा निवर्तून कितीतरी वर्षे झालेली असतात. वारसांपैकी दोघे मुंबईला, एक पुण्याला आणि एक गावातल्या घरी असतो. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, वीजबिल आणि पॉलिसी यांवर तीन निरनिराळी नावे असतात. वादळानंतर दाव्याची रक्कम कोणी घ्यावी, हा प्रश्न तेव्हाच प्रथम उभा राहतो आणि संमतिपत्रे गोळा होईपर्यंत महिने जातात. वारसनोंदीचे हे काम वादळ येण्यापूर्वी, गणपतीला किंवा शिमग्याला चाकरमानी घरी आलेले असताना, सहज होण्यासारखे आहे. ग्रामपंचायतीने त्यासाठी दर वर्षी एक दिवस राखून ठेवला तरी पुष्कळ साधेल.

होडीचा विमा

नौकेच्या विम्याला १९६३ चा सागरी विमा कायदा लागू होतो आणि त्याचे नियम घराच्या विम्याहून निराळे आहेत. पॉलिसी हाती आल्यावर तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात. पहिली ही, की विमा केवळ नौका संपूर्ण नष्ट झाल्यास मिळणारा आहे, की अंशतः नुकसानीसाठीही आहे. कमी हप्त्याच्या मोहाने पहिला प्रकार घेतला जातो आणि फुटलेल्या फळ्यांची किंवा भंगलेल्या फायबरची भरपाई मागितली असता ती मिळत नाही. दुसरी गोष्ट ही, की इंजिन, जाळी, मासे शोधण्याचे यंत्र आणि बिनतारी संच यांचा स्वतंत्र उल्लेख आहे काय. नौकेबरोबर ती आपोआप येतात असे गृहीत धरू नये. तिसरी गोष्ट म्हणजे पॉलिसीतील हमीच्या अटी. नौका कोणत्या क्षेत्रात चालवावी, बंदीच्या काळात ती कोठे ठेवावी, वैध नोंदणी आणि परवाना असावा, अशा ह्या अटी असतात. सागरी विम्यात हमीची अट तंतोतंत पाळावी लागते. तिचा भंग झाल्यास संपूर्ण दावाच अडचणीत येतो.

जुनेपणामुळे कुजलेली फळी किंवा गंजलेले खिळे यांचे नुकसान विम्यात येत नाही. समुद्रात जाण्यास नौका योग्य नाही हे ठाऊक असताना ती मालकाने पाठविली, तर त्या दोषामुळे झालेल्या नुकसानीला कंपनी जबाबदार राहत नाही. म्हणून नौकेच्या दुरुस्तीच्या पावत्या, सुताराला दिलेल्या मजुरीची नोंद आणि ओढून घेतलेल्या नौकेची दर वर्षीची छायाचित्रे जपून ठेवणे हिताचे आहे. घराच्या शाकारणीच्या बाबतीतही हेच लागू पडते. छप्पर जीर्ण होते म्हणून पडले, असा आक्षेप आला, तर त्याच महिन्यात केलेल्या शाकारणीची साधी पावती त्याला पुरेसे उत्तर देते.

अनेक नौका बँकेच्या किंवा राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या अर्थसाहाय्याने, मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत बांधल्या गेल्या आहेत. अशा वेळी विमा कर्ज देणाऱ्या संस्थेने उतरविलेला असतो, पॉलिसी तिच्याच कपाटात असते आणि मालकाला आपला विमा आहे हेच माहीत नसते. कर्जदाराने पॉलिसीची प्रत मागून घ्यावी, नूतनीकरणाची तारीख लक्षात ठेवावी. दाव्याची रक्कम प्रथम कर्जखात्यात जमा होते, हेही त्याला आधीच ठाऊक असावे.

रापणीच्या संघातील पात, एकट्यादुकट्याची लहान होडी, कर्जाविना स्वतःच्या बचतीतून बांधलेली नौका यांचा विमा सहसा उतरविलेला नसतो. सर्वांत मोठी उणीव हीच आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मासेमारी नौकांच्या विम्याच्या हप्त्यासाठी साहाय्याची तरतूद आहे. मच्छीमारांसाठी गट अपघात विमाही आहे. त्यात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये आणि कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख रुपये मिळतात. ही माहिती प्रत्येक खलाशाच्या घरी पोहोचली पाहिजे, कारण बुडालेली होडी पुन्हा बांधता येते. गेलेल्या माणसाच्या मागे कुटुंब मात्र उघडे पडते.

पहिले तीन दिवस

वादळ ओसरल्यानंतरचे पहिले तीन दिवस दाव्याच्या दृष्टीने निर्णायक असतात. माणसांची सुरक्षितता प्रथम, हे सांगावयास नको. त्यानंतर पहिले काम म्हणजे कंपनीला कळविणे. दूरध्वनी चालू नसेल तर तालुक्याच्या गावी जाणाऱ्या माणसाबरोबर लेखी पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. पॉलिसी वाहून गेली असली तरी थांबू नये. नाव, गाव, नुकसानीचा दिवस आणि थोडक्यात वर्णन एवढ्यावर पहिली सूचना देता येते. पॉलिसी क्रमांक कंपनीच्या दप्तरात किंवा बँकेत मिळतो.

दुसरे काम म्हणजे छायाचित्रे. पडलेला माड तोडण्यापूर्वी, ढिगारा हलविण्यापूर्वी, होडी ओढण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. एक दुरून, ज्यात घर कोठले ते ओळखू येईल. काही जवळून, ज्यात मोडतोड दिसेल. होडीचा नोंदणी क्रमांक चित्रात स्पष्ट दिसला पाहिजे.

तिसरे काम म्हणजे नुकसान वाढू न देणे. सर्वेक्षक येईपर्यंत काहीही हलवायचे नाही, ही समजूत चुकीची आहे. आपले नुकसान आवरण्यासाठी वाजवी प्रयत्न करणे हे विमेदाराचे कर्तव्यच आहे आणि सागरी विमा कायद्यात तर ते स्पष्टपणे सांगितले आहे. छपरावर ताडपत्री घालावी, बुडणारी होडी किनाऱ्यावर घ्यावी, इंजिन खाऱ्या पाण्यातून काढून गोड्या पाण्याने धुवावे. मात्र या खर्चाच्या पावत्या ठेवाव्यात, आणि फुटलेले नळे, मोडलेल्या फळ्या, निकामी झालेले सुटे भाग सर्वेक्षकाने पाहीपर्यंत फेकून किंवा विकून टाकू नयेत.

नौका दुरुस्त करण्याचा खर्च तिच्या किमतीहून अधिक होणार असेल, तर ती संपूर्ण नष्ट झाल्याचे मानून दावा करता येतो. परंतु त्यासाठी नौकेवरील हक्क कंपनीकडे सोडून देत असल्याची सूचना विनाविलंब द्यावी लागते. भंगाराचा व्यापारी दारात आला म्हणून ती त्याला विकून टाकली, तर हा मार्ग बहुधा बंद होतो.

पंचनाम्याचे शब्द

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळावयास हवे. 'वादळी पावसाने घराचे नुकसान झाले', असा एका ओळीचा पंचनामा मदतीच्या यादीत नाव येण्यास कदाचित पुरेसा ठरेल. विम्याच्या दाव्याला तो पुरत नाही. कोणत्या दिवशी, साधारण कोणत्या वेळी, कशामुळे, घराचा कोणता भाग, किती लांबीरुंदीचा पडला. भिंत मातीची, चिऱ्याची की विटांची. छप्पर नळ्यांचे, मंगलोरी कौलांचे की पत्र्याचे. झाड पडले असल्यास कोणते आणि कोणत्या बाजूने, इतके तपशील आले म्हणजे पंचनामा पुरावा ठरतो. होडीच्या बाबतीत नोंदणी क्रमांक, ती कोठे नांगरली होती की ओढून ठेवली होती, बंदरावर कितवा बावटा लागला होता, आणि मोडतोड आदळून झाली की पाणी भरून, हे नोंदले गेले पाहिजे.

हे तपशील किती महत्त्वाचे ठरतात, याचे मोठे उदाहरण सागरापलीकडचे आहे. ऑगस्ट २००५ मध्ये 'कतरिना' वादळाने अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील हजारो घरे नेली. तेथील घरांच्या नेहमीच्या पॉलिसीत वाऱ्याचे नुकसान येत असे, पुराचे येत नसे. पुराचा विमा स्वतंत्र सरकारी योजनेतून घ्यावा लागे. परिणामी, घर वाऱ्याने पडले की लाटेने, हा वाद उभा राहिला. अनेक ठिकाणी घराचा नुसता चौथरा उरला होता. आधी काय झाले हे सांगणारी नोंद नव्हती. खटले वर्षानुवर्षे चालले.

आपल्याकडे घराच्या पॉलिसीत वादळ आणि पाणी दोन्ही येत असल्याने हा वाद त्या स्वरूपात उद्भवत नाही. परंतु त्याचेच एक रूप मालवण किनाऱ्यावर उभे आहे. देवबाग ही एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली नदीचे पात्र असलेली वाळूची चिंचोळी पट्टी आहे. तळाशील आणि तोंडवळीची स्थिती फारशी निराळी नाही. तेथे किनारा वर्षानुवर्षे थोडा थोडा खचतो आहे. वादळाचे पाणी शिरून झालेले नुकसान पॉलिसीत येते. किनाऱ्याची किंवा नदीकाठची धूप होऊन जमीन खचल्यामुळे झालेले नुकसान मात्र तीत स्पष्टपणे वगळलेले आहे. अशा ठिकाणी एखाद्या घराची समुद्राकडील भिंत पडली आणि पंचनाम्यात 'समुद्राच्या अतिक्रमणामुळे पडझड' असे सहज लिहिले गेले, तर लिहिणाऱ्याच्या मनात काहीही वावगे नसताना त्या कुटुंबाचा दावा धोक्यात येतो. भिंत वादळाच्या रात्रीपर्यंत शाबूत होती, पाणी अमुक उंचीपर्यंत चढले, त्याच रात्री भिंत कोसळली, असे घडले असेल तर तसेच लिहावे. पाण्याची खूण भिंतीवर असते. तिची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून नोंदवावी.

याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. शेजारधर्म म्हणून किंवा दयाबुद्धीने जे घडले नाही ते लिहू नये. १५ टक्क्यांची पडझड ५० टक्के दाखविणे, जुनी मोडकी होडी वादळात फुटल्याचे दाखविणे, हे एकदा उघडकीस आले म्हणजे त्या एका दाव्याबरोबर साऱ्या गावाच्या कागदांकडे संशयाने पाहिले जाते. लबाडीचा दावा केल्यास पॉलिसीखालील सर्व हक्क जातात. खऱ्या नुकसानीचे संरक्षण खऱ्या नोंदीनेच होते.

सर्वेक्षक आणि मुदती

सर्वेक्षक हा कंपनीने नेमलेला असला तरी त्याला परवाना विमा नियामक प्राधिकरणाचा असतो आणि नुकसानीचे मूल्यमापन निःपक्षपातीपणे करणे हे त्याचे कर्तव्य असते. तो येईल तेव्हा घरातील जाणत्या माणसाने हजर राहावे. मालक मुंबईस असेल तर गावातील नातेवाइकाला अधिकारपत्र द्यावे. नुकसानीची यादी, दुरुस्तीचा अंदाज, पावत्या, छायाचित्रे आणि पंचनाम्याची प्रत त्याच्या हाती देऊन पोच घ्यावी. त्याने मागितलेले कागद लेखी मागवावेत, म्हणजे पुढे 'कागद दिले नाहीत' असा वाद राहत नाही.

नियामक प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार दाव्याची सूचना मिळाल्यापासून २४ तासांत सर्वेक्षक नेमला जावा, १५ दिवसांत त्याचा अहवाल यावा आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यावा, अशी अपेक्षा आहे. या मुदती ठाऊक असणे एवढ्यासाठी आवश्यक, की कोठे किती विलंब झाला हे विमेदाराला तारखांसह दाखविता येते. त्यासाठी एका साध्या वहीत प्रत्येक भेट, प्रत्येक पत्र आणि प्रत्येक दूरध्वनी यांची तारीख लिहून ठेवावी.

दावा नाकारला गेल्यास

दावा नाकारला किंवा फार कमी रक्कम मंजूर झाली, तर पॉलिसीतील कोणत्या अटीखाली हे झाले, ते लेखी मागावे. समाधान न झाल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. एक महिन्यात उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर मान्य नसेल, तर विमा लोकपालाकडे जाता येते. व्यक्ती, एकट्याच्या मालकीचा व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग यांना हा मार्ग खुला आहे. ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे तेथे चालतात, शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. कंपनीच्या अखेरच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे. याशिवाय जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. अनेक दावे पहिल्या नकाराला अखेरचा निर्णय समजून सोडून दिले जातात. त्यांपैकी काही तरी पुढे नेता आले असते.

घाईने सह्या करण्याचा मोहही टाळावा. 'पूर्ण व अंतिम' अशा पावतीवर सही केली की पुढे दाद मागणे कठीण होते. रक्कम मान्य नसेल तर सही करण्यापूर्वीच हरकत लेखी कळवावी.

गावाच्या हातातील काम

या सर्वांत ग्रामपंचायतीचे, शाळेचे आणि मच्छीमार संस्थेचे काय काम आहे? पहिले काम नोंदवहीचे. दर वर्षी मे महिन्याच्या आरंभी गावातील घरांची आणि होड्यांची एक यादी करावी. तीत मालकाचे नाव, घर क्रमांक किंवा नौका नोंदणी क्रमांक, विमा आहे किंवा नाही, असल्यास मुदत केव्हा संपते, एवढे चार रकाने पुरेत. शक्य असेल तेथे घराचे आणि होडीचे धडधाकट स्थितीतील छायाचित्र त्याच वेळी घ्यावे. वादळानंतर 'आधी कसे होते' या प्रश्नाचे इतके सोपे आणि इतके खात्रीचे उत्तर दुसरे नाही. या यादीची एक प्रत गावाबाहेर, तालुक्याच्या ठिकाणी ठेवावी, कारण छप्पर ग्रामपंचायतीच्या कचेरीचेही उडू शकते.

शिक्षकांचे साहाय्य दुहेरी होईल. पंच म्हणून त्यांना वारंवार बोलाविले जाते. सही करण्यापूर्वी मजकूर पूर्ण वाचून, अपुरा असल्यास तपशील घालण्याचा आग्रह त्यांनी धरावा. वरच्या वर्गातील मुलांना आपल्या घरची पॉलिसी वाचून तिच्यातील विमा रक्कम, मुदत आणि वगळलेल्या गोष्टी शोधण्यास सांगावे. ज्या घरात वडीलधाऱ्यांना इंग्रजी कागदाचा धसका आहे, तेथे ही मुलेच पहिले साहाय्यक ठरतील.

मच्छीमार संस्थांनी नारळी पौर्णिमेपूर्वी, नवा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास, सभासदांच्या पॉलिसी एकत्र तपासाव्यात आणि नूतनीकरण करून घ्यावे. समुद्राला नारळ अर्पण करून होडी पाण्यात लोटताना कोळ्याच्या किंवा गाबिताच्या मनात जी प्रार्थना असते, तिला या कागदाने काही उणेपणा येत नाही. वादळ थोपविणे कोणाच्या हाती नाही. मात्र ते येण्यापूर्वी विमा उतरविणे, नावे दुरुस्त करणे आणि चालू स्थितीची नोंद ठेवणे, तसेच ते गेल्यावर जे घडले ते नेमक्या शब्दांत लिहिणे, ही कामे गावाच्या हातातील आहेत. ती वेळच्या वेळी झाली, तर पुढच्या हंगामात पुष्कळ होड्या कर्जाच्या ओझ्याविना पाण्यात उतरतील.